तेल्याचा जिनोम ९९ लाख बेसचा कसा निघाला: सोलापुरातल्या एका लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात डाळिंबवाल्याला तेल्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पानावर आधी पाण्यात भिजल्यासारखा तेलकट ठिपका येतो, मग तो काळा पडतो, फळावर आला की फळ तडकतं, आणि मृग बहार धरलेला असला आणि पाऊस लागून राहिला तर बघता बघता बाग हातची जाते. हा रोग करणारा जिवाणू झॅन्थोमोनास. १९५२ साली दिल्लीकडे याची पहिली नोंद झाली पण मार खाल्ला तो आपल्या भागानं, सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही.

हे प्रकरण एका कॉलेजच्या लॅबमधलं, मी तिथं सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए वाचून आलेला, डेटा बघतो. कॉलेजचं आणि माणसांचं नाव देत नाही, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. आमच्या एका विद्यार्थिनीनं ऑगस्टमधे सांगोल्याकडच्या एका बागेतून तेल्याची पानं आणली होती. बागवाले काका तिच्या ओळखीचे. त्यांचं म्हणणं एकच, स्ट्रेप्टोमायसिनचं औषध मारून मारून थकलो, आता ते लागू पडतंय का नाही तेवढं सांगा. तिनं पानातून जिवाणू वाढवला, पिवळी चकचकीत कॉलनी म्हणजे जिवाणूंचा पुंजका घेतला, तेल्यासाठीच्या खास प्रायमरनं, म्हणजे त्याचाच डीएनए पकडणाऱ्या छोट्या तुकड्यांनी, पीसीआर केला, तो पॉझिटिव्ह आला. मग डीएनए काढून बाहेर सिक्वेन्सिंगला पाठवला. इल्युमिना मशीनचे १५० बेसचे जोडीचे रीड (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर, रीड म्हणजे मशीननं एका वेळी वाचलेला तुकडा), साधारण १ जीबी डेटा म्हणजे १०० कोटी बेस. झॅन्थोमोनासचा जिनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, ५० लाख बेसच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी २०० वेळा वाचली जायला हवी. एका जिवाणूसाठी हे भरपूर झालं.

उद्देश दोन होते. एक, आपल्या भागातल्या तेल्याचा नीट जोडलेला जिनोम. दुसरा, काकांचा प्रश्न, याच्यात स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा जीन आहे का.

पहिली असेंब्ली

एप्रिल महिना होता. लॅबमधे १६ जीबी रॅमचा एक डेस्कटॉप, बाहेर ४२ अंश, आणि लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. असेंब्लीला, म्हणजे रीड एकमेकांना जोडून जिनोम उभा करायला, स्पेड्स हा प्रोग्रॅम वापरला, २०१२ साली सेंट पीटर्सबर्गच्या गटानं आणलेला, जिवाणूच्या छोट्या जिनोमसाठी आजही बहुतेक जण तोच घेतात. पहिल्या वेळी प्रोग्रॅम मधेच मेला, कारण स्पेड्स स्वतःहून २५० जीबी मेमरीची मर्यादा धरून चालतो आणि आमच्याकडे १६. मर्यादा १४ वर आणून परत लावला तर लाईट गेली. इथं एक उपयोगाचं सांगतो, स्पेड्सला कंटिन्यू नावाचा ऑप्शन आहे, तो दिला की शेवटचा टप्पा जिथवर पूर्ण झालाय तिथून पुढं सुरू होतो, परत पहिल्यापासून नाही. आमच्यासारख्या ठिकाणी हा ऑप्शन माहीत असणं म्हणजे एक आख्खा दिवस वाचणं.

रात्री साडेनऊला असेंब्ली झाली. असेंब्ली तपासणाऱ्या क्वास्टनं रिपोर्ट दिला: साधारण १४० कॉन्टिग म्हणजे जोडून झालेले सलग तुकडे, सगळ्यात मोठा ६ लाखांच्या वर, एन५० दीड लाखाच्या पुढं. एन५० म्हणजे काय तर कॉन्टिग मोठ्यापासून छोट्याकडे लावत गेलं की निम्मी असेंब्ली ज्या लांबीच्या कॉन्टिगला भरते ती लांबी, मोठी असली की असेंब्ली चांगली असं आपण शिकलेलो असतो. विद्यार्थिनी खूश होती, मीही तिला म्हणालो छान आलंय. त्याच रिपोर्टमधे वर एक ओळ होती, एकूण लांबी, ९९ लाख. ती आम्ही दोघांनी वाचली आणि दोघांनीही सोडून दिली. माझ्या मनात आलं की डुप्लिकेट काहीतरी असेल, प्लास्मिड म्हणजे मुख्य जिनोमबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्या असतील, नंतर बघू.

ही पहिली निर्णयाची जागा होती आणि ती आमच्या हातून निसटली. जिनोम किती लांबीचा यायला हवा हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. यायला हवा होता त्याच्या दुप्पट आला म्हटल्यावर पुढचं काम तिथंच थांबायला पाहिजे होतं.

ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रोक्कानं जीन ओळखून घेतले, अब्रिकेटनं औषधाला दाद न देणारे जीन शोधले, आणि यादीत स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी जोडी आली, स्ट्रा-ए आणि स्ट्रा-बी म्हणतात ती. टीएन५३९३ नावाच्या उड्या मारणाऱ्या डीएनए तुकड्यावर बसलेली. हा तुकडा १९९३ मधे सफरचंदाच्या फायर ब्लाइट रोगाच्या जिवाणूत नोंदला गेलाय, त्यामुळं बागेत स्ट्रेप्टोमायसिन मारलं जातं तिथं तो सापडणं अगदी पटण्यासारखं. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असंच वाटलं. परिषदेच्या पोस्टरचा सारांश लिहून गेला. आणि तिनं काकांना फोनवर सांगून टाकलं की बहुतेक तुमचा तेल्या या औषधाला दाद देत नसावा.

अडचण लक्षात कशी आली

पोस्टरवर लावायला एक चांगलं चित्र पाहिजे होतं, एवढ्यासाठी बँडेज उघडलं. हे २०१५ साली मेलबर्नहून आलेलं छोटं सॉफ्टवेअर, असेंब्लीचा ग्राफ डोळ्यांनी दाखवतं. स्पेड्स कॉन्टिगची फाईल देतो तसा ग्राफही देतो, कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला चिकटू शकतो त्याचा नकाशा. बहुतेक लोक ती फाईल उघडतच नाहीत.

एकाच जिवाणूच्या ग्राफमधे साधारण एक मोठा गुंता असतो आणि बाजूला एखादं गोल प्लास्मिड. आमच्या स्क्रीनवर दोन मोठे गुंते आले, एकमेकांना फक्त एकदोन जागी चिकटलेले. रंग कव्हरेजप्रमाणं, म्हणजे कुठली जागा किती वेळा वाचली गेली त्याप्रमाणं, लावला तर एक गुंता सगळा गडद आणि दुसरा सगळा फिका. आमच्या लॅबच्या मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या, दोन मिनिटं बघितलं आणि विचारल्या, "हे एकच आहे का दोन?"

मग एकेक गोष्ट परत काढून बघितली आणि दिसलं की खुणा सगळीकडे पडलेल्या होत्या.

स्पेड्स प्रत्येक कॉन्टिगच्या नावातच लांबी आणि कव्हरेज लिहितो. पहिला, सगळ्यात लांब कॉन्टिग, त्याचं कव्हरेज २२. दुसरा २३. मग खाली ७०, ७१, ६९ आणि परत मधेच २२. दोनच गट, मधलं काही नाही. हा आकडा के-मरचा, म्हणजे रीडमधल्या ठराविक लांबीच्या छोट्या तुकड्यांचा असतो, आख्ख्या रीडचा नाही, ७७ चा के-मर आणि १५० चे रीड असले की रीडच्या कव्हरेजच्या साधारण निम्मा येतो. २०० पट डेटा होता म्हणजे नावात ९८ च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसत होतं ७०. पाव डेटा दुसरीकडे गेलाय हे नुसत्या नावांवरून कळलं असतं.

रीडचा दर्जा तपासणाऱ्या फास्टक्यूसीचा रिपोर्ट तर असेंब्लीच्या आधीचाच. त्यात जीसीचं, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांतल्या जी आणि सी या दोघांचं, प्रमाण दाखवणारा आलेख असतो, एक जिवाणू असला की एक टेकडी. आमच्याकडे ६५ टक्क्यांजवळ मोठी टेकडी आणि ५५ जवळ एक छोटा उंचवटा, लाल फुलीसकट. ती फुली मी बघितली होती. फास्टक्यूसी एवढ्या ठिकाणी फुल्या मारतं की सगळ्याच फुल्या सारख्या वाटायला लागतात, आणि ही एक त्यातलीच समजून पुढं गेलो.

मग खात्री करायला क्राकेन चालवला, तुकडा कुठल्या जिवाणूचा ते तो डेटाबेसशी ताडून सांगतो, पूर्ण डेटाबेस आमच्या मशीनवर बसत नाही म्हणून ८ जीबीचा छोटा घेतला. गडद गुंता झॅन्थोमोनास, फिका पॅन्टोइया. जिनोम पुरा आहे का ते तपासणारा बुस्को गॅलॅक्सी या ऑनलाइन सेवेच्या युरोपच्या सर्व्हरवर लावला, फुकट आहे आणि आपली मशीन अडकत नाही. जे जीन एकेकदाच असायला हवेत ते जवळजवळ सगळे दोन-दोन सापडले.

पॅन्टोइया हा पानांवर नेहमी राहणारा जिवाणू. त्याच्याही कॉलनी पिवळ्याच. तिच्या वहीत ऑगस्टच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "२४ तास: बारीक पिवळ्या कॉलनी दिसतात. ७२ तास: चिकट, फुगीर, पिवळ्या." झॅन्थोमोनास सावकाश वाढतो, २४ तासांत दिसणाऱ्या त्या कॉलनी त्याच्या नसणारच. तिनं वही अगदी प्रामाणिकपणे लिहिली होती, ती परत वाचायची वेळ कुणावर आली नव्हती इतकंच. आणि तो पीसीआर? खास प्रायमरचा पीसीआर सांगतो की झॅन्थोमोनास आहे. तो एकटाच आहे का, हे त्या टेस्टला विचारताच येत नाही.

एन५० चं कोडंही इथंच सुटलं. झॅन्थोमोनासच्या जिनोममधे सारखे सारखे येणारे तुकडे भरपूर असतात, त्यानं तो छोट्या रीडवर तुटतो, त्याच्या एकट्याचा एन५० काढला तर ८० हजारही भरला नाही. लांब लांब कॉन्टिग सगळे पॅन्टोइयाचे. म्हणजे ज्या आकड्यावर आम्ही खूश झालो तो भेसळीनं वाढवलेला होता.

मुख्य प्रश्न: तो जीन कुणाचा

इथवर आल्यावर वाटलं, सोपं आहे, कव्हरेज आणि जीसीवरून दोन ढीग करू, स्ट्रेप्टोमायसिनचा जीन कुठल्या ढिगात पडतो ते बघू. खरी अडचण इथं होती.

तो जीन असलेला कॉन्टिग साधारण ६ हजार बेसचा, आणि कव्हरेज ६८. म्हणजे झॅन्थोमोनासच्या ढिगातला. पण जीसी ५५ च्या जवळ, म्हणजे पॅन्टोइयाच्या बाजूचा. बँडेजमधे बघितलं तर तो कुठल्याच मोठ्या गुंत्यात नव्हता, चारपाच छोट्या तुकड्यांसोबत वेगळा तरंगत होता, म्हणजे बहुतेक प्लास्मिड. आणि प्लास्मिडच्या एका पेशीत अनेक प्रती असू शकतात. पॅन्टोइयाचं कव्हरेज २२, त्याच्या प्लास्मिडच्या ३ प्रती धरल्या तर ६६. बरोबर झॅन्थोमोनासच्या आकड्याशेजारी येऊन बसतो. जीसीवरही विसंबता येत नाही कारण उड्या मारणारे तुकडे जिथून आले तिथलं जीसी घेऊन फिरतात. क्राकेननं त्या तुकड्याला आतड्यातल्या जिवाणूंच्या मोठ्या कुळाचं नाव दिलं होतं, पण असले तुकडे कितीतरी जिवाणूंत सापडतात, त्या नावावरून मालक ठरत नाही.

रीड १५० चे का पुरत नाहीत हे मी तिला चादरीवरून सांगितलं होतं. आपली सोलापुरी चादर घ्या, तिच्यावर तेच फूल शंभर वेळा विणलेलं असतं. कुणी तुमच्या हातात बोटभर चिंधी दिली आणि तिच्यावर नुसती पाकळी असली तर ती कुठल्या फुलाची, अरे कुठल्या चादरीची, हे सांगता येत नाही. हातभर पट्टा दिला, एका टोकाला काठ आणि दुसऱ्या टोकाला मधलं डिझाइन, तर जागा लगेच कळते. टीएन५३९३ साडेसहा हजार बेसच्या वरचा आहे. आमची चिंधी १५० ची.

पर्याय काय होते

पहिला, जसं आहे तसं पोस्टर द्यायचं, फक्त झॅन्थोमोनासचे कॉन्टिग वेगळे करून आणि जीन "सोबत आढळला" असं मोघम लिहून. वेळेत होणारा हा एकच होता आणि सांगायला वाईट वाटतं पण अर्धा तास यावर खरंच चर्चा झाली. तिचं शेवटचं वर्ष होतं, परिषद जवळ आली होती, तिच्या डोळ्यात पाणी होतं.

दुसरा, मेटाजिनोमसाठीची (म्हणजे अनेक जिवाणूंच्या मिसळलेल्या डीएनएसाठीची) बिनिंगची, कॉन्टिगचे ढीग पाडणारी सॉफ्टवेअर लावून दोन्ही जिनोम नीट वेगळे करायचे. मोठे कॉन्टिग यानं वेगळे झालेच असते. पण नेमका आमचा प्रश्न ज्या तुकड्यावर होता तो प्लास्मिडवाला, आणि बिनिंग कव्हरेज आणि बेसच्या प्रमाणावरच चालतं, प्लास्मिड त्यात हमखास चुकतात. म्हणजे मेहनत सगळी करायची आणि प्रश्न तिथंच.

तिसरा, बागेतून नवीन पानं आणायची. एप्रिलमधे काकांच्या बागेत तेल्याचा ठिपका नव्हता, आणि असता तरी तो दुसराच स्ट्रेन, म्हणजे तेल्याचाच वेगळा वाण, असू शकला असता.

चौथा, फ्रीजरमधल्या ग्लिसरॉल स्टॉककडे, म्हणजे ऑगस्टमधला जिवाणू गोठवून जपून ठेवलेल्या नळीकडे, परत जायचं. त्या स्टॉकमधे दोन्ही जिवाणू असणार होते. ते प्लेटवर वेगळे करायचे, स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या माध्यमावर दोघांना लावून बघायचं, आणि शुद्ध झॅन्थोमोनासचं लांब रीडचं सिक्वेन्सिंग करायचं.

माझं मत दुसऱ्याकडे होतं हे कबूल करतो. माझं काम डेटाचं, हातात डेटा आहे तर उत्तर त्यातूनच काढू असं मला वाटायचं. मॅडम म्हणाल्या, "जे डेटात नाहीच ते तू कुठून काढणार? प्लेट लावायला चार दिवस लागतात." चौथा ठरला, आणि पोस्टरचा सारांश त्याच संध्याकाळी मागं घेतला.

काय केलं

स्टॉकमधून पातळ करून प्लेटवर रेघा ओढल्या, २४ तासांनी ज्या कॉलनी दिसल्या त्यांच्यावर प्लेटच्या मागून मार्करनं निळे ठिपके केले, ७२ तासांनी नवीन आल्या त्यांच्यावर लाल. लाल ठिपक्यावाल्या एकट्या कॉलनी उचलून तीन वेळा परत परत शुद्ध केल्या, निळ्या वेगळ्या ठेवल्या. मग मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या प्लेटवर एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल, आणि शेजारी बिनऔषधाची प्लेट.

चौथ्या दिवशी सकाळी इनक्यूबेटर उघडला तेव्हा तिनं मला हाक मारली. औषधाच्या प्लेटवर निळ्या बाजूला पिवळी जाड रेघ, लाल बाजूला काहीच नाही, सुई फिरवल्याचा ओरखडा तेवढा. बिनऔषधाच्या प्लेटवर दोन्ही बाजू भरलेल्या. दाद न देणारा पॅन्टोइया होता. तेल्याचा जिवाणू औषधाला मरत होता.

लांब रीड नॅनोपोर मशीनचे घेतले, असेंब्ली फ्लाय या प्रोग्रॅमनं केली. फ्लाय शेवटी एक छोटी माहितीची फाईल देतो, त्यात प्रत्येक कॉन्टिग गोल बंद झाला का तेही लिहिलेलं असतं. एक कॉन्टिग, ५० लाखांच्या थोडा वर, गोल: होय. अब्रिकेट परत लावला, स्ट्रा-ए नाही, स्ट्रा-बी नाही.

जुना इल्युमिनाचा डेटा वाया घालवायचा नव्हता, लांब रीडमधल्या उरल्यासुरल्या चुका दुरुस्त करायला तो चांगला. पण त्यात भेसळ. म्हणून आधी ते रीड नवीन गोल जिनोमवर बसवले आणि आयजीव्हीमधे, म्हणजे रीड कुठं कसे बसले ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, उघडून बघितलं. सगळीकडे उंची, म्हणजे रीडचं कव्हरेज, १५० च्या आसपास, रीड राखाडी म्हणजे जुळलेले. १६एस जीनच्या जागी गेलो तर उंची एकदम ३०० च्या वर आणि रीडमधे रंगीत उभ्या रेघाच रेघा. पॅन्टोइयाचे रीड तिथं येऊन बसले होते, कारण हा जीन सगळ्या जिवाणूंत बराच सारखा असतो आणि पॅन्टोइयाकडे त्याच्या प्रती जास्त. तशीच दुरुस्ती चालवली असती तर तेल्याच्या जिनोममधे पॅन्टोइयाचे बेस शिरले असते. आम्ही या जागा दुरुस्तीतून वगळल्या, बाकी दुरुस्त केलं. जे रीड कुठंच बसले नाहीत त्यांची वेगळी असेंब्ली केली, तो पॅन्टोइया, जवळपास ४८ लाखांचा, आणि त्याच्याबरोबर ते प्लास्मिड.

निष्पत्ती

जिनोम मिळाला, एक गोल, आधीपेक्षा कितीतरी चांगला. परिषद गेली. तिचा प्रबंध दोन महिने लांबला, पण त्यात हे सगळं एक प्रकरण म्हणून सविस्तर गेलं, वहीतल्या त्या पानाच्या फोटोसकट.

काकांना फोन करणं सगळ्यात अवघड गेलं. तिनंच केला. काका मधल्या काळात दुकानदाराला विचारून दुसऱ्या कसल्या महागड्या औषधाची चौकशी करून बसले होते, विकत घेतलं नव्हतं एवढंच नशीब. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मग औषध चालतंय, तरी रोग का जात नाही?" आणि हा प्रश्न रास्त आहे. जिवाणू प्लेटवर मरतो म्हणजे पानाच्या आत, पावसात, फवारा पोचेल तिथं मरेलच असं नाही. ते आमच्या डेटात नाही हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि फवारणीचं वेळापत्रक, छाटणी, रोगट फांद्या जाळणं यासाठी केगावच्या केंद्रात विचारा असं सुचवलं.

परत करायचं झालं तर

सिक्वेन्सिंगला पाठवायच्या आधी तीनदा शुद्ध केलेली कॉलनी, आणि २४ व ७२ तासांची नोंद वाचून बघणारी दुसरी व्यक्ती. याला पैसे लागत नाहीत.

डेटा आल्यावर असेंब्लीच्या आधी क्राकेन. आम्ही तो सगळ्यात शेवटी चालवला, वीस मिनिटांचं काम. फास्टक्यूसीत बाकीच्या फुल्यांचं काय करायचं ते करा, पण जीसीच्या आलेखात दुसरा उंचवटा दिसला की थांबा.

अपेक्षित लांबी आणि अपेक्षित कव्हरेज कागदावर आधी लिहून ठेवणं. आम्ही आता वहीच्या पहिल्या पानावर लिहितो आणि क्वास्टचा रिपोर्ट त्याच्या शेजारी चिकटवतो.

बँडेज पोस्टरच्या चित्रासाठी नाही, असेंब्ली झाली की लगेच, जीन शोधायच्या आधी उघडायचं. आणि शेतकऱ्याला निकाल फोनवर द्यायचा तो प्लेटवर दिसल्यावर. कॉन्टिगच्या यादीवरून दिलेला निकाल मागं घेताना तिला जे वाटलं ते मी शेजारी बसून बघितलंय.

एका गोष्टीवर अजून आमचं एकमत नाही. मॅडमचं म्हणणं पॅन्टोइया भेसळ होती, काढून टाकली, विषय संपला. मला तसं वाटत नाही. एकाच पानावर, एकाच ठिपक्यात, औषधाला दाद न देणारा जीन प्लास्मिडवर घेऊन एक जिवाणू बसलाय आणि त्याला चिकटून तेल्याचा. प्लास्मिड एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून निळ्या ठिपक्यावाली नळी आम्ही फेकली नाही, लालच्या शेजारी ठेवलीय, आणि यंदाच्या मृग बहाराला काकांच्या बागेतून पानं आणायची तेव्हा २४ तासांच्या कॉलनीही उचलायच्या असं ठरलंय.